'कन्व्हिन्स' करायचं कुणी कुणाला?

दोस्तांनो, एका इंग्रजी शब्दाचा हिशेब चुकता करायचाय. शब्द आहे 'कन्व्हिन्स'.

हा शब्द आता इंग्रजी राहिलेला नाही. शाळेची पायरी न चढलेला माणूसही तो बिनधास्त वापरतो. सरपंच म्हणतो, "मी गावाला कन्व्हिन्स करतो, तोवर तुम्ही जरा दमानं घ्या." ठाण्यातला साहेब म्हणतो, "आधी मला कन्व्हिन्स होऊ द्या, मग तक्रारीचं बघू." परिसंवादाचा अध्यक्ष चष्मा पुसत म्हणतो, "मुद्दा बरोबर आहे हो तुमचा, पण मांडणी कन्व्हिन्सिंग नाही." आणि आपल्यातलाच शिकून मोठा झालेला एखादा भाऊ वस्तीत येऊन ऐकवतो, "भांडून काय मिळणार? लोकांना कन्व्हिन्स करायला शिका."

तोंडं चार, सांगणं एक. थांबा. आमच्या गळी उतरेपर्यंत थांबा.

आमचा सवाल साधा आहे. हे कन्व्हिन्स करायचं काम आमच्याच गळ्यात का? ज्याचं पाणी अडवलं त्यानंच अडवणाऱ्याला पटवून द्यायचं की बाबा रे, मलाही तहान लागते? ज्याच्या छपराला काडी लागली त्यानंच काडी लावणाऱ्यापुढं व्याख्यान द्यायचं की जाळानं माणूस भाजतो? हा कुठल्या देशाचा रिवाज?

आणि गावानं आम्हाला कधी कन्व्हिन्स केलं होतं? येसकरकी करा, मेलेलं ढोर ओढा, रात्री-बेरात्री सांगावा घेऊन पळा, हे सांगायला गावचा पाटील आमच्या बापजाद्यांपुढं मुद्दे घेऊन बसला होता काय? 'तुमची खात्री पटली का? मग उद्यापासून या कामाला,' असं कुणी म्हणालं होतं काय? बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचा कायदा बदलण्याचं बिल मांडलं. कनिष्ठ गाव वतनं कायद्यानं गेली १९५८ साली. तीस वर्षं. गळ्यात वतन अडकवताना कुणालाही पटवून द्यावं लागलं नाही. ते काढताना मात्र साऱ्या जगाची समजूत घालावी लागली.

म्हणून म्हणतो, हा शब्द तपासून बघू. कुठल्या कुळातला आहे, खातो काय, राहतो कुणाच्या वाड्यात.

शब्दाचं कूळ

आपल्या मराठीत या कामाला शब्दांचा तोटा नाही. समजावणं आहे, मन वळवणं आहे, गळी उतरवणं आहे, भरीस पाडणं आहे, पटवणं आहे. हे शब्द प्रामाणिक आहेत. कोण कुणाशी काय करतोय ते त्यांत दिसतं. मायबाप पोराला समजावतात. सावकार कुळाला भरीस पाडतो. 'साहेबाला पटवला' म्हटलं की टेबलाखालून काय गेलं ते शेंबड्या पोरालाही कळतं. इंग्रजी 'कन्व्हिन्स' आला आणि हे सगळं एका कोटाखाली झाकलं गेलं. आता सावकारही कन्व्हिन्स करतो, मायबापही कन्व्हिन्स करतात, आणि टेबलाखालचा हातही कन्व्हिन्सच करतो.

मूळ बघा. लॅटिन भाषेत 'विंकेरे' म्हणजे जिंकणं. 'कॉन्विंकेरे' म्हणजे पुरतं जिंकणं, समोरच्याला चीत करणं, त्याच्यावर गुन्हा शाबीत करणं. तिथून इंग्रजीत दोन शब्द आले. एक 'कन्व्हिन्स' आणि दुसरा 'कन्व्हिक्ट'. दोघं सख्खे भाऊ. पहिल्यात माणसाच्या मनावर विजय. दुसऱ्यात कोर्टात आरोपीवर दोष शाबीत. पूर्वी तर दोघांत भिंतही नव्हती. १६११ साली छापलेल्या इंग्रजी बायबलात 'कन्व्हिन्स' हा शब्द 'पापाचा दोषी ठरवणे' या अर्थानं आलेला आहे. आजही 'कन्व्हिक्शन' म्हटलं की दोन अर्थ निघतात : मनातला पक्का विश्वास आणि कोर्टानं दिलेली दोषसिद्धी.

आता दुसरा शब्द घ्या, 'पर्स्वेड'. तोही पटवण्याचाच. पण त्याचं कूळ वेगळं. लॅटिन 'स्वादेरे', म्हणजे सल्ला देणं, आग्रह करणं. भाषाशास्त्राची माणसं त्याचं नातं गोड या अर्थाच्या शब्दाशी लावतात. संस्कृतातला 'स्वादु' त्याच घराण्यातला. म्हणजे एक शब्द जिंकण्याचा आणि दुसरा गोडीगुलाबीचा.

जुने इंग्रजीचे मास्तर या दोघांत एक भेद शिकवायचे. 'कन्व्हिन्स' वापरायचा एखादी गोष्ट खरी आहे हे पटण्यासाठी, 'पर्स्वेड' वापरायचा एखादी गोष्ट करायला लावण्यासाठी. एकाचं काम डोक्यात, दुसऱ्याचं हातापायांत. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर इंग्रजी बोलणाऱ्यांनी, त्यातही अमेरिकेतल्यांनी, हा भेद मोडायला घेतला. 'अमुक करायला कन्व्हिन्स केलं' असं सर्रास लिहिलं जाऊ लागलं. व्याकरणवाल्यांनी नाकं मुरडली, पण लोकांनी ऐकलं नाही.

इंग्रजांनी त्यांचा भेद मोडला तर मोडू दे. आपल्याला तो कामाचा आहे. कारण आपल्या देशातला सज्जन सवर्ण शंभर वर्षं कन्व्हिन्स झालेला आहे. अस्पृश्यता वाईट हे त्याला पटलेलं आहे. जात वाईट हे पटलेलं आहे. भाषणात पटलंय, अग्रलेखात पटलंय, जयंतीच्या हारात पटलंय. डोकं केव्हाच पटलंय. हात मात्र जिथल्या तिथं. घरभाड्याच्या बोलणीत आडनाव विचारलं जातं तेव्हा ते पटलेलं डोकं कुठं जातं?

कागद पटला, पाणी नाही

याचा सगळ्यात स्वच्छ दाखला महाडचा आहे. तारखांसकट बघा.

४ ऑगस्ट १९२३. मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव पास झाला : सरकारी पैशानं बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. म्हणजे कायदेमंडळ कन्व्हिन्स झालं. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं ठराव केला : चवदार तळं सगळ्यांना खुलं. म्हणजे नगरपालिकाही कन्व्हिन्स झाली. मग आमच्या माणसांनी पाणी प्यालं का? नाही. ठराव कपाटात आणि तळं त्यांच्या ताब्यात. १९२६ साली बोल्यांना पुन्हा उभं राहावं लागलं : जी नगरपालिका हा ठराव पाळणार नाही तिचं अनुदान बंद करा. म्हणजे तीन वर्षांत बोल्यांनाही उमगलं की नुसतं पटून भागत नाही, खिशाला हात घालावा लागतो.

२० मार्च १९२७. बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्या दिवशी कुणाला काही पटवून दिलं नाही. पाणी प्याले, बस्स. आणि मग गाव उठलं. मंदिरात घुसणार अशी अफवा उठवली, परतीच्या माणसांची डोकी फोडली. पुढं गोमूत्र-शेणाच्या घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं. तळ्यात गुरं उतरत होती, कुत्री पीत होती, तेव्हा तळं बाटलं नव्हतं.

आणि नगरपालिका? ४ ऑगस्ट १९२७ रोजी तिनं आपला १९२४ चा ठराव मागं घेतला. बरोबर चार वर्षांपूर्वी त्याच तारखेला कायदेमंडळाला पटलं होतं! कन्व्हिन्स झालेला माणूस असा उलटा फिरू शकतो. पटणं ही त्याची मर्जी आहे. मर्जीवर हक्क टांगला की मर्जी बदलेल त्या दिवशी हक्क खाली पडतो.

डिसेंबरात सनातन्यांनी कोर्टातून मनाई आणली : तळं खाजगी आहे, म्हणे. खटला चालला दहा वर्षं. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं आपल्या बाजूनं निकाल दिला. ज्यांनी दावा लावला होता त्यांचं मन वळलं म्हणून नव्हे. दावा हरले म्हणून.

हां, पटलेली खरी माणसंही होती. त्यांना विसरायचं नाही. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना उघडा केला. परिषदेत ठराव मांडून थांबले नाहीत. महाडलाच २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी, आणि ते जन्मानं ब्राह्मण. पटल्याची खूण ही अशी असते. हौदाचं झाकण निघतं, हाताला काडीची धग लागते. बाकीचं पटणं तोंडी लावण्यापुरतं.

उपास आणि बोटीवरचं पत्र

"पण हृदयपरिवर्तन?" असं कुणीतरी विचारणारच. कन्व्हिन्सचा हा खादीतला अवतार.

२० सप्टेंबर १९३२ ला गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपास धरला. स्वतंत्र मतदारसंघ नकोत म्हणून. २४ तारखेला पुणे करार झाला. बाबासाहेबांनी सही केली. आता सांगा, बाबासाहेब कन्व्हिन्स झाले होते काय? एका बाजूला एका माणसाचा जीव. दुसऱ्या बाजूला खेड्यापाड्यांत विखुरलेली आपली वस्ती, आणि तो माणूस गेला तर तिच्यावर काय कोसळेल याची धास्ती. यात मुद्दा कुठं होता? दाब होता. ज्यांनी हा दाब टाकला तेच आम्हाला सांगत आले की सवर्णांवर दाब टाकू नका, त्यांचं हृदय हळूहळू बदलू द्या. आमच्यासाठी उपास आणि त्यांच्यासाठी गोडीगुलाबी!

त्याच महिन्याच्या अखेरीस अस्पृश्यता निवारणाचा संघ निघाला, जो पुढं हरिजन सेवक संघ झाला. बाबासाहेब गोलमेज परिषदेला विलायतेला निघाले होते. बोटीवरून, १४ नोव्हेंबर १९३२ ला, त्यांनी संघाचे चिटणीस ठक्कर यांना लांबलचक पत्र लिहिलं. त्याचा मथितार्थ प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ पाहिजे. ते म्हणतात, अस्पृश्याला सद्गुण शिकवत बसू नका. विहीर, शाळा, चावडी, गाडी इथं हक्क बजावायची मोहीम काढा. तंटे होतील, डोकी फुटतील, तरी काढा. आणि सवर्ण विचार केव्हा करतो? त्याच्या रोजच्या वागण्यात खोडा पडतो तेव्हा. गुपचूप विचार पेरत बसलं तर तो विचार करायला भागच पडत नाही. महाडचं तळं, नाशिकचं काळाराम मंदिर, मलबारातलं गुरुवायूर, इथल्या लढ्यांनी थोड्या दिवसांत जे केलं ते सुधारकांच्या वर्षानुवर्षांच्या प्रवचनांनी झालं नसतं.

या पत्राचं उत्तर काय आलं? बाबासाहेबांनीच पुढं लिहून ठेवलंय की साधी पोचसुद्धा आली नाही. कन्व्हिन्स करा म्हणणाऱ्यांचं हे ऐकण्याचं शास्त्र.

काळाराम मंदिराचंही तेच. २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला. माणसं दारात बसली, मार खाल्ला, तुरुंगात गेली. वर्षं उलटली, दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी सांगून टाकलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही. दार वाजवून हात सोलले की शहाणा माणूस दुसरीकडं घर बांधतो.

आणि लाहोरचं? १९३६ साली जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. नावातच 'तोडक'. म्हणजे आधीच कन्व्हिन्स झालेली मंडळी! भाषण आधी मागवलं, वाचलं आणि घाम फुटला. हे काढा, ते मऊ करा. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही हलवायला नकार दिला. मंडळानं परिषदच गुंडाळली. त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चानं पंधराशे प्रती छापून लोकांपुढं टाकलं. आज तेच भाषण जगभर वाचलं जातं. ते ऐकून घेण्याची ताकद नसलेल्यांनी त्या वेळी काय म्हटलं असेल? मांडणी कन्व्हिन्सिंग नाही, हेच की!

वरून येणारं कन्व्हिन्स

आतापर्यंत खालून वर जाणारं कन्व्हिन्स पाहिलं. त्याला आपल्या भाषेत काकुळती म्हणतात. आता वरून खाली येणारं बघा.

वस्तीत मारहाण झाली. बाईवर हात टाकला. पोराच्या गाडीवर गाणं वाजलं म्हणून पोराला खांबाला बांधलं. तक्रार झाली, अ‍ॅट्रॉसिटी लागली. की संध्याकाळी घरी माणसं येतात. एरवी ज्यांची सावलीही वस्तीत पडत नाही ती पांढऱ्या कपड्यातली माणसं. ओट्यावर बसतात. चहाही पितात त्या दिवशी! आणि बोलतात. "गावात राहायचंय ना? पोरीचं लगीन व्हायचंय. तुमची म्हैस आमच्याच बांधावर चरती. आमच्याच रानात कामाला येता. कोर्टात चपला झिजवून काय मिळणार? केस मागं घ्या. आम्ही पोराला तंबी देतो."

तिथून उठताना म्हणतात, "कन्व्हिन्स केलंय त्यांना."

बघा, शब्द तोच. पण इथं तो आपल्या लॅटिन कुळावर गेला. पुरतं जिंकणं. यात आवाज चढत नाही, काठी दिसत नाही. रोजगार, सरपण, किराणा दुकानाची उधारी, शाळेची वाट, हे सगळं बोलणाऱ्याच्या हातात असतं आणि ऐकणाऱ्याला ते माहीत असतं. जिथं एकाच्या हातात दुसऱ्याची चूल आहे तिथं पटवून देणं नावाची गोष्ट होऊच शकत नाही. तिथं एकतर भीक मागता येते नाहीतर दम देता येतो. पटवून देण्याला बरोबरीची जमीन लागते.

सरकारलाही हा सामोपचार फार आवडतो. २००७ साली राज्यात तंटामुक्त गाव मोहीम निघाली. तंटे मिटवणाऱ्या गावांना बक्षिसं. भावकीचे बांधावरचे तंटे मिटत असतील तर मिटू द्या, आमची ना नाही. पण बक्षीस तंटा मिटल्याचं आहे, न्याय झाल्याचं नाही. एवढ्या फरकात गरिबाची मान सापडते. गावाला बक्षीस पाहिजे आणि तक्रार आमची, मग गावाच्या लेखी गुन्हेगार कोण?

आणि जिथं तक्रार टिकते तिथं साक्षीदार टिकत नाही. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात खर्डा इथं एप्रिल २०१४ मध्ये एका कोवळ्या दलित पोराचा खून झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये जिल्हा न्यायालयातून सगळे आरोपी सुटले. साक्षीदार फितूर झाले होते. कुणाला काय पटलं आणि ते कसं पटलं, हे निकालपत्रात लिहिलेलं नसतं.

आम्हाला दुसरा भाऊ पाहिजे

मग आम्ही काय मागतो? कन्व्हिन्सचा सख्खा भाऊ. कन्व्हिक्शन. कायद्याच्या भाषेतलं. गुन्हा झाला, शाबीत झाला, शिक्षा झाली.

आणि इथंच सगळी मेख आहे. पहिला भाऊ आमच्या दारात फुकट पाठवतात, दुसरा कोर्टाच्या दारातही भेटू देत नाहीत.

२९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्यातलं खैरलांजी. एका बौद्ध कुटुंबातल्या चौघांना गावानं मारलं. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयानं आठ जणांना दोषी धरलं, सहांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. पण अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा लागू होत नाही, असं म्हटलं. २०१० साली हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची कैद दिली आणि जातीचा मुद्दा तिथंही मान्य झाला नाही. म्हणजे खून झाले हे पटलं. जातीमुळं झाले हे पटलं नाही. चार मढी पुरली नाहीत कन्व्हिन्स करायला. आणखी किती लागतात त्याचा दर एकदा फळ्यावर लिहून टाका.

अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा १९८९ चा. तो का करावा लागला? राज्यघटनेच्या सतराव्या कलमानं १९५० सालीच अस्पृश्यता गाडली होती ना? गाडली ती कागदावर. चाळीस वर्षं मनं बदलण्याची वाट पाहिली आणि मग संसदेला कळलं की मन बदलो न बदलो, हात आवरला पाहिजे. हा कायदा कुणाच्या हृदयात डोकावत नाही. तो म्हणतो, तुझ्या मनात काय सडलंय ते तुझ्यापाशी ठेव, आमच्या अंगाला हात लावशील तर आत जाशील. हीच त्याची थोरवी. म्हणूनच तो खुपतो.

मग २० मार्च २०१८ आला. तारीख बघा. चवदार तळ्याचीच. सुप्रीम कोर्टानं त्या दिवशी सांगितलं : गुन्हा नोंदण्याआधी उपअधीक्षकानं प्राथमिक चौकशी करावी, अटकेआधी वरिष्ठांची परवानगी घ्यावी. दुसऱ्या कुठल्या फिर्यादीला हा उंबरठा? खिसा कापला म्हणून ठाण्यात गेलात तर 'आधी उपअधीक्षकांना कन्व्हिन्स करा' असं कुणी म्हणत नाही. आमचा माणूस ठाण्यात गेला की त्याच्या बोलण्यावर आधीच शंका. २ एप्रिल २०१८ ला देशभर बंद झाला. त्यात माणसं मेली. ऑगस्टात संसदेनं कायद्यात दुरुस्ती करून चौकशीची आणि परवानगीची अट उडवली. १ ऑक्टोबर २०१९ ला कोर्टानं आपले ते आदेश मागं घेतले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ती दुरुस्ती कायम ठेवली.

आता सांगा, २ एप्रिलला रस्त्यावर आलेल्या पोरांनी कुणाला कन्व्हिन्स केलं? त्यांनी खोडा घातला. बोटीवरच्या पत्रात लिहिलं होतं तसाच.

मराठवाड्याचंही आठवा. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव केला. राज्याचं विधिमंडळ कन्व्हिन्स! आणि पाठोपाठ मराठवाड्यात आमची घरं जळली. मग शहाणे सांगायला आले : घाई नको, जनमत तयार होऊ द्या. सोळा वर्षं गेली. मोर्चे निघाले, लाँग मार्च निघाला, माणसं तुरुंगात गेली, माणसं मेली. १४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं, तेही विस्तार करून. त्या सोळा वर्षांत ज्यांनी घरं जाळली त्यांना किती जणांनी जाऊन कन्व्हिन्स केलं? उपदेशाची गाडी आमच्याच स्टेशनावर थांबते.

मग बुद्धाचं काय?

एक प्रश्न आपलेच लोक विचारतात आणि तो खरा प्रश्न आहे. बुद्धानं तर तलवार उचलली नाही. बोलूनच माणसं बदलली. बाबासाहेबांनीही नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूत बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना बुद्धाचा मन पालटण्याचा मार्ग श्रेष्ठ मानला. मग कन्व्हिन्स करण्याला शिव्या कशाला?

नीट समजून घ्या. बुद्ध अंगुलिमालाकडं स्वतः गेला. अंगुलिमालानं ज्यांची बोटं तोडली त्यांच्या आयाबहिणींना त्यानं असं सांगितलं नाही की जा, आधी त्याला कन्व्हिन्स करा. बुद्धाची चूल अंगुलिमालाच्या हातात नव्हती. तो कुणाचा सालगडी नव्हता. म्हणून त्याला बोलता आलं आणि ते बोलणं ऐकलं गेलं. आणि कथेचा पुढचा भाग आपण विसरतो. अंगुलिमाल भिक्षू झाला, भिक्षेला गावात गेला, लोकांनी ढेकळं मारली, काठ्या मारल्या. रक्तबंबाळ होऊन परत आला तेव्हा बुद्ध म्हणाला, सहन कर, हे तुझ्याच कर्माचं फळ आहे. हृदय पालटलं म्हणून हिशेब माफ झाला नाही. आमच्या देशातल्या हृदयपरिवर्तनवाल्यांना हिशेबाशिवायचं परिवर्तन पाहिजे.

इंग्रजीत 'पर्स्वेजन' या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे : धर्मपंथ. अमक्या पर्स्वेजनचा माणूस म्हणजे अमक्या पंथाचा. कुणीतरी मागं त्याला ते पटवून दिलं असेल, या हिशेबानं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसांनी आपलं पर्स्वेजन बदललं. त्यांना कुणी दम दिला नाही, कुणी आमिष दाखवलं नाही. एका माणसानं वीस वर्षं अभ्यास केला, बोलला, लिहिलं आणि लोकांना पटलं. बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि घरातले देव बाहेर काढले. डोक्याला पटलं आणि हात उठले. या देशात पटवून देणं म्हणजे काय ते बघायचं असेल तर तो दिवस बघा.

तेव्हा बोलण्याला आमचा विरोध नाही. आपसात तर रात्र-रात्र बोलू. पोटजातींत लगीन अडतं तिथं समजावू. बाईच्या अंगावर हात टाकणाऱ्या आपल्या माणसाला समजावू आणि नाही समजला तर त्यालाही कायद्यापुढं उभा करू. सवर्णांतल्या ज्याला खरंच समजून घ्यायचंय त्याच्याशी बरोबरीनं बसून बोलू, पुस्तकं देऊ, वाद घालू. पण आमचा हक्क त्या बोलण्याच्या निकालावर टांगणार नाही. तो पटो, न पटो, पाणी आम्ही पिणार. त्याला पटलं तर त्याचं भलं होईल. नाही पटलं तर आमची तहान थांबणार नाही.

म्हणून दोस्तांनो, एवढं करा. पुढच्या वेळी कुणी 'आधी कन्व्हिन्स करा' म्हणाला की तीन गोष्टी विचारा. कुणी कुणाला? कुणाची चूल कुणाच्या हातात आहे? आणि तोवर पाणी कोण पिणार?

ठाण्यातला साहेब म्हणाला, 'मला कन्व्हिन्स होऊ द्या', तर शांतपणे सांगा : साहेब, तुमचं मन तुमच्यापाशी. दखलपात्र गुन्हा आहे. फिर्याद लिहून घ्या आणि आमची प्रत आमच्या हातात द्या. प्रत घेतल्याशिवाय उठू नका.

जय भीम.